समाजकार्याची पदवी झाली, आता पूर्व भागातल्या वस्तीत काम घ्यावं का?

मालदांडी

नमस्कार मंडळी. मी मंगळवेढा तालुक्यातली. यंदा सोलापुरात राहून एमएसडब्ल्यू पूर्ण केलं, विषय समुदाय विकास. आता दोन जागा पुढे आहेत आणि आठवड्याभरात एकीला हो म्हणायचं आहे.

पहिली जागा सोलापुरातच, पूर्व भागात. तिथं घराघरात तेलुगू बोलतात. एका संस्थेचा तीन वर्षांचा प्रकल्प आहे. विडी कामगार बायकांचे बचत गट, आणि त्यांच्या शाळा सुटलेल्या मुली. पद समुदाय संघटकाचं. दुसरी पुण्याजवळच्या एका कंपनीच्या सीएसआर विभागात, म्हणजे सामाजिक कामाला निधी देणाऱ्या विभागात. तिथं संस्थांकडून आलेले अहवाल तपासायचे आणि अधूनमधून भेटीला जायचं. पगार पहिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. घरी तिसरंच चाललंय. आई म्हणते एमपीएससीचा क्लास लाव. वडील शेतकरी, माझ्या फीसाठी त्यांनी उसनवारी केली आहे. त्यामुळे एवढं शिकून दारोदारच हिंडायचं का, असं ते विचारतात तेव्हा तो मला टोमणा वाटत नाही. हे काम म्हणजे काय ते त्यांना खरंच कळत नाही आणि मला ते नीट सांगता येत नाही.

फिल्डवर्कसाठी मी विडी घरकुल भागात जात होते. मन रमलं. पण विद्यार्थिनीकडून कुणाची काही अपेक्षा नसते. पगार घेऊन जाणाऱ्या बाईकडून असते, आणि असायलाच हवी.

तेलुगू येत नसताना पूर्व भागात काम जमतं का? तीन वर्षांनी प्रकल्प संपला की त्या बायकांचं काय होतं, आणि माझं काय? आणि ज्यांनी पुष्कळ वर्षं हे केलंय त्यांनी सांगावं, वस्तीत खरंच काही बदलतं का, की आपण नुसत्या नोंदी ठेवत राहतो?

सात_रस्ता

पुण्याची जागा घे. मी पाच-सहा वर्षं वस्तीत काम करून बाहेर पडलो. काम वाईट नव्हतं, माणसं तर फारच चांगली होती. पण दर वर्षी मार्च जवळ आला की करार पुढे चालू राहणार का ही धाकधूक, आणि पगार दोन-दोन महिने उशिरा. घरच्यांनी तुझ्यासाठी कर्ज काढलंय. आधी ते फेड, मग चार वर्षांनी वस्तीत ये. वस्ती कुठं जात नाही.

पूर्वभाग

सात_रस्ता, पगाराचं खरं आहे, त्यावर वाद नाही. पण चार वर्षांनी परत येणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

मालदांडी, वडिलांच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण त्यांचा प्रश्न रास्त आहे. हो, दारोदारच हिंडायचं आहे. निदान पहिलं वर्ष तरी दुसरं काही करायचं नसतं. ते का, ते सांगते.

विडीचं काम घरात चालतं. आदल्या दिवशी पान भिजवायचं, कात्रीनं मापात कापायचं, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, सूत बांधायचं. हिशोब हजार विड्यांवर. ब्रँचमध्ये माल द्यायला गेलं की तपासणारा खराब विड्या बाजूला काढतो, ती छाट बाईच्या माथी. कंपनीनं दिलेलं पान कमी पडलं तर पदरचे पैसे घालून बाहेरून पान घ्यायचं आणि हजार भरायचे. म्हणजे ती उंबऱ्यात बसलेली दिसते तेव्हा ती कामावर असते. तिला तू अकरा वाजता समाजमंदिरात बैठकीला बोलावलंस तर तिचा अर्धा रोज मागितलास. ती येते, कारण मॅडमनं बोलावलंय. आणि दुसऱ्या वेळी येत नाही. मग अहवालात लिहिलं जातं की महिलांचा प्रतिसाद कमी.

आमच्याकडे बैठक सूप घेऊनच होते. चार-पाच जणी जिथं एकत्र वळत बसतात तिथं मी जाते. हात चालू, तोंड चालू. त्या वेळात जेवढं कळतं तेवढं कुठल्याही प्रश्नावलीतून कळलेलं नाही. आणि पाण्याचा दिवस आधी विचारून ठेव. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्या दिवशी त्या गल्लीत दुसरं काहीही होत नाही. प्रकल्पाच्या वेळापत्रकात गुरुवार लिहिलाय म्हणून पाण्याच्या दिवशी गेलीस तर घागरी उचलायची तयारी ठेव. मी उचलल्या आहेत, त्यात कमीपणा नाही.

तेलुगूचं म्हणशील तर तेलुगू नसताना सुरुवात होते, काम मात्र होत नाही. सगळ्यांना मराठी समजतं. रेशन, शाळा, दवाखाना या गोष्टी त्या तुझ्याशी मराठीत बोलतील. पण नवऱ्याची दारू, अंगावर काढलेलं दुखणं, कुणाकडून किती घेतलंय, हे सगळं तेलुगूत बाहेर पडतं. दारात ‘रा अक्का, कूर्चो’ (ये ताई, बस) म्हणतील तेव्हा बसायचं आणि पुढचं कळेपर्यंत बसून राहायचं. लहान पोरांकडून शीक, ती आनंदानं शिकवतात. एक पथ्य मात्र पाळ. घरातल्या शाळकरी मुलीला दुभाषी करून तिच्या आईचं खासगी विचारायचं नाही. ती मुलगी ते सगळं ऐकते, आणि आई अर्धं गिळते.

आता एक काम सांगते ज्याला कुठल्याच प्रकल्पाच्या तक्त्यात रकाना नसतो. घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही भविष्यनिर्वाह निधी लागू आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच तसा निकाल दिलेला आहे. विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा तर १९६६ मध्येच झाला होता. पण प्रत्यक्षात काय होतं? कंपनीच्या रजिस्टरात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. जन्मवर्ष प्रत्येक ठिकाणी वेगळं, कारण ते कुणीतरी अंदाजानं सांगितलेलं. आयुष्यभर वळून बोटं वाकडी झाली, गुडघे गेले, आता स्वतःचा पैसा काढायचाय तर कार्यालय म्हणतं ही बाई तीच कशावरून. त्यासाठी कामगार आणि मालक दोघांच्या सह्यांचं संयुक्त घोषणापत्र लागतं. सोबत पुरावे लागतात. कंपनीच्या माणसाची सही मिळवणं ही एक लढाई, अर्ज परत आला की का आला ते समजून घेणं ही दुसरी. आणि हे सगळं कशासाठी, तर निवृत्तिवेतनाची किमान रक्कम महिना १,००० रुपये, २०१४ पासून तेवढीच. पण त्या १,००० रुपयांवर सासूबाईंची औषधं चालतात, असं घर मला माहीत आहे.

पहिल्यांदा एका अक्कासोबत मी गेले. कागद मी धरले, बोलले मी. पुढच्या वेळी कागद तिच्या हातात दिले, बोलले मी. नंतर ती बोलली आणि मी मागे बाकावर बसले. आता ती गल्लीतल्या दुसऱ्या बायकांना घेऊन जाते आणि मला संध्याकाळी कळतं. तू विचारलंस काय बदलतं. हे बदलतं. आणि याला वेळ लागतो, कारण त्या खिडकीपुढे उभं राहायची भीती आत लहानपणापासून बसलेली असते.

मालदांडी

पूर्वभाग ताई, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सूप घेऊन बैठक हे मी फिल्डवर्कमध्ये कुठंच पाहिलं नाही. आम्ही सतरंजी टाकून बोलवायचो.

सिव्हिलची_खिडकी

मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक. दुसऱ्या बाजूनं सांगतो.

माझ्याकडे माणूस येतो तोवर उशीर झालेला असतो. रुग्ण कॉटवर, नातेवाईक खिडकीपुढे, रेशनकार्डावर नाव नाही, त्यामुळे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसवायला कागद जुळवा. ते मी करतो आणि बहुतेक वेळा होतं. पण तंबाखूच्या धुळीत बसलेली बाई खोकला अंगावर काढून तिसऱ्यांदा भरती होते तेव्हा वाटतं, हिच्या गल्लीत कुणीतरी रोज जाणारं असतं तर पहिल्या महिन्यात थुंकी तपासली गेली असती. क्षयाचं औषध फुकट आहे, पोषणासाठी खात्यात पैसे येतात, महिन्याला ५०० होते ते २०२४ च्या अखेरीस १,००० झाले. तरी औषध मध्येच सुटतं. का सुटतं, ते मला खिडकीतून दिसत नाही. वस्तीत जाणाऱ्याला दिसतं.

ज्या वस्तीत चांगला संघटक आहे तिथला रुग्ण माझ्यापर्यंत कागदांसह येतो. मला ते लगेच ओळखू येतं.

सेटलमेंटकर

मी सेटलमेंट भागात वाढलो. पेशानं इलेक्ट्रिशियन. समाजकार्य शिकलेलो नाही, पण समाजकार्य करणारे लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळं थोडं बोलतो. लागलं तर सांभाळून घ्या.

आमच्या आजा-पणजाला इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्यानं (पहिला १८७१ चा) जन्मतः गुन्हेगार ठरवलं. कैकाडी, पारधी, मांग गारुडी, टकारी, भामटा, कंजारभाट, सगळ्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी होती, बाहेर जायला पास लागायचा, आणि कुंपणातून गिरणीत कामाला जायचं. देश स्वतंत्र झाला तरी आमचं कुंपण लगेच गेलं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला तेव्हा आम्ही विमुक्त झालो. पुढं गिरण्याही बंद पडल्या. जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. ज्यांना कुंपणात ठेवून गिरणीचं काम शिकवलं त्यांच्या हातात मग काय राहिलं?

हे सगळं लिहिलं कारण आमच्याकडं सर्वेक्षण फार झालं. माझ्या आईनं किती फॉर्मवर अंगठा दिला असंल ते तिलाच माहीत नाही. घरात किती माणसं, किती शिकली, दारू पितात का, पोलीस केस आहे का. एकदा एक संस्था आली, वर्षभर मुलांचे वर्ग घेतले, पोरं रमली. मग एक दिवस फलक उतरवून गेले. कुणी सांगितलंपण नाही की आता येणार नाही. पोरं आठवडाभर त्या खोलीपुढं जाऊन बसायची. नंतर दुसरे आले, त्यांच्याकडं पोरं गेली नाहीत. ते म्हणाले इथल्या लोकांना शिक्षणाची आवड नाही.

ताई, तू ये. पण येतानाच सांग की किती दिवस आहेस. तीन वर्षं तर तीन वर्षं. लोक समजून घेतात. आणि पोलीस केसचा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचा नाही. कुठल्या कामासाठी लागतो तो, हे आधी सांगायचं.

पूर्वभाग

सेटलमेंटकर, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक संस्थेच्या पहिल्या प्रशिक्षणात वाचून दाखवावं असं आहे. फलक उतरवून न सांगता जाणं हे मीही पाहिलंय, दुसऱ्या वस्तीत.

जमाखर्च

मी काही संस्थांचे हिशोब बघतो. प्रकल्प तीनच वर्षांचे का, याचं उत्तर पुष्कळदा कागदावरच सापडतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामावर खर्चावा लागतो. २०२१ च्या नियमांत ‘चालू प्रकल्पा’ची मर्यादा घातली आहे : सुरू झाल्याचं आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षं. म्हणजे देणाऱ्याचा हिशोब तिथं संपतो आणि वस्तीचा तिथं सुरू झालेला असतो. परदेशी निधीचं म्हणाल तर त्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेनं दुसरीला पुढं निधी द्यायला बंदी आली. मोठ्या संस्थेकडून पैसे घेऊन वस्तीत काम करणाऱ्या लहान संस्था त्यात अडचणीत आल्या.

मालदांडी, हो म्हणण्याआधी संस्थेला सरळ विचारा. निधी कुणाचा आणि कुठल्या महिन्यापर्यंत? हप्ता उशिरा आला तर पगार कशातून? तुमचा भविष्यनिर्वाह निधी भरतात का? (ज्या बायकांचा निधी तुम्ही सोडवायला जाणार त्यांच्या कार्यकर्तीला स्वतःचा नसतो, असं मी पाहिलंय.) धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षण वेळेवर दाखल होतं का? आणि तुमच्या आधी त्या पदावर कोण होतं, ती व्यक्ती का गेली? चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही.

भीमाकाठ

मी ग्रामीण भागात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत काम करतो. शहराचं सगळे बोललेत, गावाचं थोडं.

तुझ्या प्रकल्पात किशोरवयीन मुली आहेत म्हणून लिहितोय. बालविवाह हा आपल्या जिल्ह्याचा जुना रोग आहे आणि तो पोरीच्या बापाला चार कायदे ऐकवून जात नाही. उसाच्या हंगामात मजुरी जोडीवर मिळते, नवरा-बायको मिळून एक कोयता. मुलगा कर्ता झाला की जोडी हवी, मुलगी मोठी झाली की तिला पालावर कुणाच्या भरवशावर ठेवायची ही चिंता. म्हणून हंगामाच्या आधी लग्नं उरकतात. २००६ चा कायदा आहे, गावात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो. फोन जरूर कर. पण मांडवात पोलीस आले आणि लग्न थांबलं, की त्या मुलीचं पुढं काय हे कोण बघतं? आमच्याकडे जिथं मुलगी दहावीनंतर एसटीच्या पासवर तालुक्याला जायला लागली तिथं लग्न आपोआप पुढं गेलं. पास, वेळेची गाडी, आणि सोबत जाणाऱ्या तिघी-चौघी. मी बैठकांपेक्षा एसटी आगारात जास्त चकरा मारल्या आहेत.

आणि वस्ती बदलते का, याचं एक उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी, तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना, ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. हातभट्टीची गावं आणि तांडे अधिकाऱ्यांनी एकेक करून दत्तक घेतले. छापे तर आधीही पडायचेच. भट्टी फोडली की आठ दिवसांत दुसरी लागायची, कारण घरात दुसरं उत्पन्नच नव्हतं. या वेळी छाप्यासोबत घरोघर बसून बोलणं झालं, दुसरा रोजगार जोडून द्यायचा प्रयत्न झाला. मुळेगाव तांड्याचं नाव तेव्हा सगळीकडे झालं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की खाकी वर्दीतल्या माणसालाही शेवटी समुदाय संघटकाचंच काम करावं लागलं. अधिकारी बदलल्यावर ते किती टिकवायचं, हे मात्र तिथं रोज जाणाऱ्यांवर असतं.

सूप_आणि_सूत

मी विडी कामगाराची मुलगी. आई अजून वळते. मी बी.कॉम. करून एका गारमेंट युनिटमध्ये हिशोब बघते, शाळेचे गणवेश शिवतात तिथं. मुली म्हणून आमच्याबद्दल सगळे बोलतात, म्हणून मीच लिहिते.

आमच्या पिढीला विडी नको आहे. आईलाही आम्ही तिथं नको आहोत. पण प्रकल्प आला की आम्हाला काय मिळतं? शिलाईचा वर्ग, मेंदी, ब्युटी पार्लर. शिलाई वाईट नाही, आपल्या शहरात गारमेंटचं काम खरंच आहे. पण वर्गात शिकवतात साधी मशीन आणि परकर, युनिटमध्ये असतं पॉवर मशीन आणि एकाच तुकड्याचं दिवसभर काम. प्रमाणपत्र घेऊन मुलगी येते आणि पहिल्याच दिवशी परत जाते. वर्ग सुरू करायच्या आधी दोन युनिटमध्ये जाऊन बघितलं असतं की काय लागतं, तर? आणि तिथं मुलींसाठी संडास आहे का, सुटायला किती वाजतात, रिक्षा कुठपर्यंत येते, हेपण.

माझं शिक्षण टिकलं ते एका कार्यकर्तीमुळं. तिनं मला काही दिलं नाही. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती असते, हे आमच्या गल्लीत कुणाला धड माहीत नव्हतं. तिनं आईचं ओळखपत्र शोधायला लावलं, माझ्याकडूनच ऑनलाइन फॉर्म भरून घेतला, चुकलं की पुसून परत भरायला लावला. मला तेव्हा राग यायचा, हीच का भरून देत नाही. पुढच्या वर्षी मी गल्लीतल्या सगळ्या पोरापोरींचे भरले. अजून भरते.

मालदांडी ताई, आमच्याकडे आलीस तर मुलींना वेगळं बसव आणि आधी विचार की तुम्हाला काय पाहिजे. उत्तर लगेच येणार नाही. कारण कुणी कधी विचारलेलं नसतं. पुढच्या आठवड्यात येईल.

मालदांडी

सगळं दोनदा वाचलं. सूप_आणि_सूत, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण नंतर आईला म्हणाले, ती फॉर्म भरणारी पोरगी कुठल्या गल्लीतली म्हणाली?

अजून एक विचारायचं आहे. फिल्डवर्कमध्ये पाहिलं की बऱ्याच बायका बचत गटातही आहेत आणि मायक्रोफायनान्सच्या गटातही. आठवड्याचा हप्ता आला की आमच्या गटाची बचत थांबते. अशा वेळी संघटकानं काय करायचं? कर्ज घेऊ नका म्हणायचा मला काय अधिकार?

पूर्वभाग

अधिकार नाहीच, आणि म्हणूही नकोस. बाईनं कर्ज घेतलं तेव्हा तिला गरज होती आणि कंपनीचा माणूस दारात येऊन देत होता. आपला गट कर्ज द्यायला किती महिने लावतो ते आधी बघ.

दोन गटांतला फरक मात्र बायकांना आकड्यांत दाखव. बचत गटात दहा ते वीस जणी स्वतःचे पैसे साठवतात, आपसात कर्ज देतात आणि व्याज गटातच राहतं. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही पंचसूत्री ठरावीक महिने पाळली की शहरी उपजीविका अभियानात १०,००० रुपये फिरता निधी मिळायचा, मग बँकेचं कर्ज. मायक्रोफायनान्सच्या गटात बायका एकमेकींना जामीन असतात, पण व्याज बाहेर जातं. हे फळ्यावर लिहून त्यांच्याकडूनच बेरीज करून घ्यायची. तू करायची नाहीस.

आणि नियम त्यांना माहीत करून दे. रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासून नियम आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं विनातारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. घराचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करणं, शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास देणं, सगळ्याला मनाई आहे. आमच्या एका गल्लीत वसुलीवाला रात्री येऊन दारात बसायचा. बायकांनी तो नियम मराठीत आणि तेलुगूत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला. आता हप्ते भरतात, पण दिवसा भरतात.

ज्या बाईचे हप्ते तिच्या मिळकतीच्या पुढे गेलेत तिच्यासोबत मात्र वेगळं बसावं लागतं, एकटीसोबत. कुणाचं किती, तारखा कोणत्या, कुठलं आधी संपवता येईल. हे सावकाश करायचं काम आहे. तिला त्याची लाज वाटते आणि दुसऱ्या बायका जामीन असल्यामुळे भांडणही होतं. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नकोस.

सात_रस्ता

मी वर पुण्याला जा म्हणालो होतो. पगाराबाबत अजून तेच म्हणतो. जमाखर्च यांनी दिलेले प्रश्न मात्र विचारल्याशिवाय दोन्हीकडे हो म्हणू नकोस. कंपनीलाही विचार, भेटीला जाताना वस्तीत किती वेळ बसायला मिळेल. तासाभराच्या भेटीत अहवाल तपासला जातो, वस्ती कळत नाही.

मालदांडी

काल संस्थेत जाऊन आले. निधी अडीच वर्षांचा हातात आहे, उरलेल्याचं बोलणं चालू आहे असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पगाराला उशीर झाला तर दोन महिन्यांपुरती तरतूद आहे. भविष्यनिर्वाह निधी भरतात. आधीची संघटक लग्न होऊन हैदराबादला गेली, तिचा नंबर त्यांनी स्वतःहून दिला, तिच्याशी बोलले. तिनं गल्लीनिहाय वही ठेवली आहे, ती मला देणार आहे.

मी पूर्व भागातली जागा घेतेय. वडिलांशी ठरलंय, उसनवारीचा हप्ता पगारातून आधी जाणार. शिलाईच्या वर्गाचं मी मुलाखतीतच काढलं, आधी दोन-तीन युनिट बघून मग ठरवू म्हटलं, त्यांनी मान्य केलं. सूप_आणि_सूत, तुमच्या युनिटमध्ये येऊन बघता येईल का? निरोपात कळवा.

ताई, तेलुगूसाठी कुठून सुरुवात करू? लिपी शिकावी का?

पूर्वभाग

लिपी नंतर. आधी नाती, अंक आणि दुखणी. कुणाला अक्का, कुणाला वदिना, कुणाला अत्ता म्हणायचं ते चुकलं तर हसतील आणि सांगतील. अंक शंभरपर्यंत तोंडपाठ कर, कारण विडीचा, हप्त्याचा आणि बचतीचा हिशोब तेलुगूत चालतो. दुखण्याचे शब्द एखाद्या आशाताईकडून घे, तिला सगळे येतात. पहिल्या दिवशी वही-पेन पिशवीतच ठेव.

रुजू कधी होतेस ते कळव. कन्ना चौकात भेटू, पहिल्या दोन गल्ल्या मी सोबत येते, पुढच्या तुझ्या तू.

सूप_आणि_सूत

युनिटमध्ये मालकांना विचारून ठेवते. रविवार सोडून कधीही ये, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आलीस तर मुलींशी बोलता येईल. निरोप पाठवलाय.